घास गालात धरून बसणारी लेक : आमचे नऊ महिने

शनिवार, 8 मार्च 2025 रोजी बालरोगतज्ज्ञांनी आमच्या लेकीच्या फाइलवर "आता सहा महिन्यांनी या" असे लिहिले, आणि तिच्या रेंगाळत जेवण्याचे कारण शोधण्याचा जुलै 2024 पासून सुरू झालेला आमचा प्रवास तात्पुरता का होईना थांबला. या काळात कुठे कुठे जावे लागले, किती दिवस थांबावे लागले, कोणते कागद लागले, किती खर्च आला आणि घरात काय काय बदलावे लागले, हे सगळे क्रमाने लिहून ठेवते आहे. जुलैमध्ये रात्री साडेदहा वाजता गार झालेला वरणभात पुढ्यात घेऊन बसलेली असताना असे काही वाचायला मिळाले असते, तर मला फार आधार वाटला असता. डॉक्टरांनी आम्हाला जे सांगितले ते आमच्या लेकीला तपासून सांगितलेले आहे, तेवढे मात्र वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. घरात मी, यजमान, सासूबाई आणि ही एकुलती एक लेक. मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत लेखा विभागात काम करते. यजमान सातपूरला पाळ्यांमध्ये काम करतात, त्यामुळे महिन्यातील निम्मे दिवस संध्याकाळी ते घरी नसतात. लेकीचा जन्म नोव्हेंबर 2019 चा. सहा महिने पूर्ण झाले तेव्हा टाळेबंदी होती. तिचे उष्टावण आम्ही घरातल्या घरात केले आणि मामा धुळ्याला अडकलेला असल्याने तो व्हिडिओ कॉलवर होता. वाटीतील खिरीचा पहिला घास तिने मोबाइलच्या पडद्यावरच्या मामाकडे बघत खाल्ला. त्या वेळी आम्हाला सगळ्यांना भरून आले होते, आणि आजही त्या दिवसाची आठवण मला प्रियच आहे. पुढे मात्र पडदा समोर असल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, ही सवय कधी लागली ते आम्हाला कळलेच नाही. मोबाइल नसेल तेव्हा सासूबाई तिला गॅलरीत नेऊन "हा घास चिऊचा, हा घास काऊचा" करत भरवत असत. घास तोंडात जायचा, पण तो चावून गिळला जायचा नाही; तो उजव्या किंवा डाव्या गालात तसाच बसून राहायचा, आणि पुढच्या घासासाठी आम्ही दहा दहा मिनिटे थांबायचो.

जून 2024 मध्ये ती ज्युनियर केजीत गेली. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने 8 फेब्रुवारी 2024 रोजी काढला होता, त्यामुळे तिची शाळा आठऐवजी नऊची झाली आणि आम्हाला वाटले, आता सकाळ सोपी होईल. तसे झाले नाही. व्हॅन 8 वाजून 20 मिनिटांनी येत असे आणि ती साडेसहाला उठूनही दारात पोहोचेपर्यंत निम्मे पोहे ताटलीत राहिलेले असायचे. एके सकाळी मी तिच्या हातात मोजे देऊन डबा भरायला वळले. दहा मिनिटांनी येऊन पाहते तर एक मोजा पायात, दुसरा हातात, आणि ती उकिडवी बसून पोह्याचा एक दाणा ओढून नेणाऱ्या मुंग्या पाहते आहे. तिने मान वर करून मला सांगितले, "आई, त्या सगळ्या मिळून नेतायत." मी तिला रागावले. व्हॅन निघून गेली, तिला दुचाकीवरून शाळेत सोडून मी कामावर चाळीस मिनिटे उशिरा पोहोचले, आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी घालवला याचे वाईट दिवसभर वाटत राहिले.

त्याच आठवड्यात, सोमवार, 1 जुलैपासून, मी एक वही घातली. पानावर पाच रकाने होते : जेवण किती वाजता सुरू झाले, किती वाजता संपले, ताटात काय होते, कोणी भरवले आणि त्या वेळी आजूबाजूला काय चालू होते. हिशेबाचे काम करणाऱ्या माणसाला हे सुचणे साहजिक होते, पण मुलाच्या खाण्याविषयी डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी निदान दहा दिवस अशी नोंद ठेवावी, असे मी कोणालाही आग्रहाने सांगेन. दोन आठवड्यांची बेरीज केली तेव्हा नाश्त्याला सरासरी 48 मिनिटे, दुपारच्या जेवणाला 62 आणि रात्रीच्या जेवणाला 70 मिनिटे लागत असल्याचे दिसले. म्हणजे दररोज तीन तास. त्यापैकी दुपारचा सगळा भार सासूबाईंवर पडत होता, आणि त्यांचे गुडघे दुखतात हे माहीत असूनही तोवर तो भार मी कधी मोजला नव्हता.

13 जुलैला आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. शनिवारी सकाळची वेळ फोनवरून आधी घेतली होती, तरी पाऊण तास थांबावे लागले. तपासणी शुल्क 500 रुपये होते आणि सात दिवसांच्या आत पुन्हा दाखवल्यास पैसे पडत नव्हते, हे विचारून घेतलेले बरे असते. जाताना लसीकरणाची फाइल आणि माता व बाल संरक्षण कार्ड दोन्ही नेले होते. त्याचा फार उपयोग झाला, कारण आधीच्या वजनांच्या नोंदी त्यांतच होत्या. त्या दिवशी वजन 14.6 किलो भरले. डॉक्टरांनी जुनी वजने आणि हे नवे वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या आलेखावर टिंबे देऊन जोडले आणि आम्हाला दाखवले : रेषा मधल्या रेषेच्या बरीच खाली होती, पण धोक्याच्या रेषेच्या वर होती आणि मुख्य म्हणजे ती तिच्या आधीच्या वळणानेच चालली होती. दोन ते पाच वर्षांच्या मुलांचे वजन वर्षाला साधारण दोन किलोच वाढते, त्यामुळे पहिल्या वर्षी भराभर खाणारे मूल नंतर कमी खाते असे वाटते, हे त्यांनी सांगितल्यावर सासूबाईंचा चेहरा प्रथमच थोडा सैल झाला.

मग त्यांनी वही वाचली, आणि ती वाचताना त्यांनी दुधाच्या नोंदींखाली रेघ ओढली. सकाळी एक, दुपारी झोपून उठल्यावर एक आणि रात्री झोपताना बाटलीतून एक, असे दिवसाला सुमारे 700 मिली दूध तिच्या पोटात जात होते. जेवली नाही म्हणून दूध द्यायचे आणि दूध प्यायली म्हणून ती जेवायची नाही, असे ते चक्र होते. या वयात दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध गेले तर भूक मरते, शिवाय दुधात लोह जवळजवळ नसते आणि अन्नातील लोह शोषले जाण्यातही ते आड येते. डॉक्टरांनी रक्ततपासणी लिहून दिली : रक्तगणना आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), दोन्ही मिळून 950 रुपये. त्यांनी तीन प्रश्नही विचारले, ज्यांचा जेवणाशी काय संबंध असेल हे मला तेव्हा कळले नव्हते. ती रात्री घोरते का, तिचे दात कोणी पाहिले आहेत का, आणि शाळेतील शिक्षिका तिच्याविषयी काय म्हणतात?

17 जुलैला आषाढी एकादशी होती. त्या दिवशी घरात साबुदाण्याची खिचडी होती आणि ती तिला आवडते, तरीही वहीत 74 मिनिटांची नोंद आहे. नावडते म्हणून ती खात नाही, ही माझी समजूत त्या दिवशी गेली.

18 तारखेला अहवाल दाखवला. हिमोग्लोबिन 10.4 होते, या वयात ते 11 च्या खाली असले तर रक्तक्षय धरतात. फेरिटिनही कमी होते. लोह कमी पडले की भूक मंदावते, मूल चिडचिडे होते आणि लक्ष लागणेही कमी होते, हे ऐकून मला एकाच वेळी हायसे वाटले आणि अपराधीही वाटले. वजनानुसार लोहाचे औषध सुरू झाले. ते दुधाबरोबर किंवा चहाबरोबर द्यायचे नाही, लिंबू सरबताबरोबर दिले तर चांगले शोषले जाते, दातांवर डाग पडू नयेत म्हणून नळीने प्यायला द्यावे आणि नंतर चूळ भरायला लावावी, शौच काळपट झाले तर घाबरू नये, अशा सूचना मिळाल्या. जंताचे औषध शेवटचे कधी दिले, हेही त्यांनी विचारले. ते अंगणवाड्यांत आणि शाळांत राष्ट्रीय जंतनाशक दिनी मोफत मिळते आणि आमच्याकडून मागच्या खेपेस ते राहून गेले होते.

27 जुलैला आम्ही कॅनडा कॉर्नरजवळच्या दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी तिला खुर्चीवर माझ्या मांडीवर बसवले, छोटा आरसा आधी तिच्या हातात दिला, तिला त्यात माझे दात पाहू दिले आणि मगच तिचे तोंड उघडायला सांगितले. खालच्या उजव्या बाजूच्या दोन्ही दुधाच्या दाढांना कीड लागली होती. एका दाढेत ती खोलवर गेली होती. कापसाची लहान गुंडाळी त्या बाजूला चावायला दिली तेव्हा तिने ती हळूच जिभेने डावीकडे ढकलली. दंतवैद्य म्हणाले, "ती घाससुद्धा असाच ढकलत असणार." मी तिला विचारले की बाळा, दुखत होते तर सांगितले का नाहीस, तर ती म्हणाली, "ती दाढ तशीच आहे." तिला कधी न दुखणारी दाढ आठवतच नव्हती, म्हणून ते दुखणे आहे हे तिला ठाऊक नव्हते. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. आम्ही तिला महिनोन् महिने "लवकर चाव, लवकर चाव" म्हणत होतो.

दुधाचे दात पडणारच आहेत, मग त्यांवर खर्च कशाला, असे आम्हाला दोघातिघांनी सुचवले. दंतवैद्यांनी समजावले की या मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, तोवर चावण्याचे काम त्यांनाच करायचे असते आणि त्याच कायमच्या दातांसाठी जागाही राखतात. गालात तासन् तास धरलेला घास आणि झोपताना बाटलीतून प्यायलेले दूध ही कीड लागण्याची दोन मोठी कारणे होती. क्ष-किरण छायाचित्राचे 250 रुपये, तपासणीचे 300 आणि प्रत्येक दाढ भरण्याचे 1,400 असा एकूण 3,350 रुपये खर्च आला. 3 आणि 10 ऑगस्टला दोन्ही दाढा भरून झाल्या. कंपनीच्या आरोग्य विम्यात केवळ रुग्णालयात दाखल झाल्यासच पैसे मिळतात, त्यामुळे यातले काहीही परत मिळाले नाही. पावत्या मात्र मी फाइलला लावून ठेवल्या आहेत. तेव्हापासून रात्रीची बाटली बंद झाली, आणि फ्लोराइड असलेली दंतमंजनाची पेस्ट वाटाण्याएवढी घेऊन रात्रीचे दात मी स्वतः घासून देते.

लेक रात्री घोरते म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन आलो. नाकामागच्या ॲडेनॉइड नावाच्या ग्रंथीची वाढ किरकोळ निघाली, शस्त्रक्रियेची गरज नाही, नाकात सोडायचा फवारा काही आठवडे, शुल्क 700 रुपये. नाक चोंदलेले मूल तोंडाने श्वास घेते, आणि तोंड मिटून चावायचे तर त्याला मध्येच थांबावे लागते, एवढे नवे कळले.

तिसरा प्रश्न शाळेचा होता, आणि त्याला सर्वांत जास्त वेळ लागला. वर्गशिक्षिकेने पहिल्याच पालकसभेत "लक्ष देत नाही, खिडकीतून बाहेर बघते" असे सांगितले होते. बालरोगतज्ज्ञांनी बालविकासतज्ज्ञांना दाखवण्याचे सुचवले. सरकारी आणि अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके मोफत करतात आणि गरज असेल त्यांना पुढे पाठवतात, हेही त्यांनी सांगितले. लेकीची शाळा विनाअनुदानित असल्याने आम्ही खासगी मार्ग धरला. वेळ मागितली तेव्हा पुढची तारीख 31 ऑगस्टची मिळाली. त्याआधी दोन प्रश्नावल्या भरून आणायच्या होत्या, एक पालकांची आणि एक वर्गशिक्षिकेची, आणि दुसरीवर मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का हवा होता. 5 ऑगस्टला मी अर्ज दिला. अशा कामासाठी कोणाची परवानगी लागते हे शाळेत कोणालाच नीट माहीत नव्हते, मध्ये स्वातंत्र्यदिन आला, आणि तीन फेऱ्यांनंतर 21 तारखेला कागद हातात पडला. माझा सल्ला असा की अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवून तिच्यावर पोच घ्यावी. माझ्याकडे पोच होती म्हणूनच तिसऱ्या फेरीत काम झाले.

या फेऱ्यांपैकी दुसऱ्या फेरीत मला एक गोष्ट कळली, जी कोणत्याच प्रश्नावलीत नव्हती. मी कार्यालयाबाहेर बसले होते, तेवढ्यात मुलांना हात धुवायला नेणाऱ्या मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्या मुलीचा डबा फार घट्ट आहे. ती तो मांडीवर घेऊन बसून राहते. मी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते तेव्हा घंटा व्हायला आलेली असते." मधली सुट्टी वीस मिनिटांची होती, त्यांतली पाच हात धुण्यात जात. रोज अर्धा डबा परत येतो म्हणून मी तिला प्रश्न विचारत होते, आणि तिच्या हातातली ती कडी मी एकदाही तिला उघडायला लावून पाहिली नव्हती. त्या संध्याकाळी तिला स्वयंपाकघरात बसवून तो डबा दिला. तिने दोन्ही अंगठे कडीखाली घातले, ओठ आवळले, जोर लावला, आणि मग शांतपणे डबा माझ्यापुढे धरला : "आई, उघडून दे ना." दुसऱ्या दिवशी मी रविवार कारंजावरून 160 रुपयांचा साध्या झाकणाचा डबा आणला आणि घेण्यापूर्वी तो तिच्याकडून दुकानातच तीन वेळा उघडून घेतला.

घरातला नवा क्रम आम्ही 12 ऑगस्टला, दुसरी दाढ भरल्यानंतरच्या सोमवारी, सुरू केला. डॉक्टरांनी जे सांगितले होते त्याचा गाभा असा : काय वाढायचे, कधी वाढायचे आणि कुठे बसायचे हे मोठ्यांनी ठरवावे, त्यातले किती खायचे हे मुलीने ठरवावे. जेवणाला तीस मिनिटे, दोन खाण्यांमध्ये अडीच ते तीन तास, मध्ये फक्त पाणी, आणि दूध दिवसाला दोन लहान पेले, तेही जेवणानंतर. वेळ संपली की ताट उचलायचे, पण रागावून नाही आणि विनवण्या करूनही नाही.

ऐकायला हे सोपे आहे. पहिल्या चार दिवसांत ती जवळजवळ काहीच जेवली नाही. सासूबाईंना मी आईच म्हणते, आई दुसऱ्या दिवशी रात्री स्वयंपाकघरात डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, भरल्या ताटावरून लेकराला उठवायचं नसतं. आमच्यात हे कधी कुणी केलं नाही." त्यांचे म्हणणे मला मनापासून पटत होते. अन्नाविषयीची ती भावना खरी आहे आणि ती मलाही लहानपणापासून मिळालेली आहे. म्हणून आम्ही दोघींनी मिळून एक तोड काढली : ताट वाढायचेच लहान. पोळीचा चतकोर, दोन चमचे भाजी, दोन चमचे वरणभात, एवढेच. ते संपले तर ती स्वतः मागेल. नाही संपले तर उरलेले दोन घास आम्ही खाऊ, अन्न वाया जाणार नाही आणि भरल्या ताटावरून उठवल्याचे दुःखही होणार नाही. ही तोड आईंची होती. माझ्या मते या सगळ्या महिन्यांत घरात सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

बसण्याची जागाही बदलली. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर तिचे पाय लोंबकळत राहायचे आणि ती सतत चुळबुळ करायची. आम्ही तिला जमिनीवर पाटावर मांडी घालून बसवू लागलो, पाठ गॅलरीकडे आणि तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे. भिंतीकडे तोंड करून बसवावे असे मी आधी ठरवले होते, पण यजमान म्हणाले की ती शिक्षा वाटेल, आणि ते बरोबर होते. शक्य असेल तेव्हा आमच्यापैकी एकजण तिच्या शेजारीच पान घेऊन बसतो, कारण तिच्या ताटाकडे बघत नुसते बसून राहणे हेही एक दडपणच असते. मोबाइल जेवणाच्या वेळी देवघरातील फडताळात जातो, तिला दाखवायचा तर जातोच, आमचाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांत आहे. आमच्याकडे तेवढा वेळ फक्त जेवणाच्या वेळीच होत होता.

वेळ कळावी म्हणून आम्ही आधी मोबाइलचा गजर लावत होतो, त्याने ती दचकायची. मग वाळूचे अर्ध्या तासाचे घड्याळ आणले, तर ती जेवण सोडून वाळूच पाहत बसली. शेवटी भिंतीवरच्या साध्या घड्याळाच्या काचेवर मी लाल टिकली लावू लागले : मोठा काटा टिकलीवर आला की जेवण संपले. हे तिला रुचले. सकाळसाठी बेडरूमच्या दारावर तिच्याच हातची पाच चित्रे एकाखाली एक चिकटवली आहेत, दात, आंघोळ, गणवेश, नाश्ता, मोजे. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, तीही लांबून हाक मारून नाही तर जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून, असे मला बालविकासतज्ज्ञांनी पुढे सांगितले. मोजे मी रात्रीच बुटांत ठेवू लागले आणि उठण्याची वेळ साडेसहावरून सव्वासहा केली. त्या पंधरा मिनिटांत ती मुंग्या, कबुतरे, समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्या, जे काही असेल ते पाहून घेते.

31 ऑगस्टच्या भेटीला सव्वा तास लागला, शुल्क 1,800 रुपये. तज्ज्ञांनी तिच्याशी खेळत खेळत तिला पाहिले, आम्हा दोघांशी वेगळे बोलल्या, प्रश्नावल्या तपासल्या. 28 सप्टेंबरला दुसरी भेट झाली, 1,000 रुपये. अतिचंचलता किंवा अवधानदोष म्हणण्यासाठी ती लक्षणे घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी, किमान सहा महिने, आणि वयाच्या मानाने बरीच जास्त दिसावी लागतात. तिच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही, असे त्यांनी लेखी दिले. आवडीच्या कामात ती वयाला शोभेल एवढी रमते, ऐकलेले लक्षात ठेवते. वयाची सहा वर्षे पूर्ण झाल्यावर शाळेत अडचण राहिली तर पुन्हा दाखवावे. त्या कागदाची प्रत मी वर्गशिक्षिकेला दिली आणि लेकीला खिडकीपासून दूर, पुढच्या बाकावर बसवण्याची विनंती केली. ती त्यांनी लगेच मान्य केली, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

मध्ये 7 सप्टेंबरला गणपती आले आणि आमचा क्रम पूर्ण कोलमडला. दहा दिवस पाहुणे, प्रसाद, पेढे, आणि प्रेमाने घास भरवणाऱ्या सगळ्या आत्या आणि काकू. मी कोणालाही अडवले नाही. गौरी-गणपती गेल्यावर परत घडी बसायला पूर्ण आठवडा लागला. दिवाळीनंतर मात्र तीनच दिवस लागले. आजारपणातही असेच होते. डिसेंबरच्या थंडीत तिला सर्दी-खोकला झाला तेव्हा आम्ही वही बाजूला ठेवली आणि तिला मऊ भात कालवून भरवला.

19 ऑक्टोबरला केलेल्या तपासणीत (या वेळी फक्त रक्तगणना, 300 रुपये) हिमोग्लोबिन 11.6 आले. औषध लगेच थांबवले नाही, शरीरातील साठा भरावा म्हणून आणखी दोन महिने चालू ठेवले. बाटल्यांचे एकूण 900 रुपये झाले. बालरोगतज्ज्ञांच्या तीन भेटी, दोन तपासण्या, दात, घसा, विकासतज्ज्ञ आणि औषध मिळून नऊ महिन्यांत 10,500 रुपये खर्च झाले. लागोपाठ जुलै-ऑगस्टमध्येच निम्म्याहून जास्त गेले, त्यामुळे जमल्यास तेवढी तजवीज आधी करून ठेवावी.

खाण्याचे प्रकार फारसे वाढलेले नाहीत. नवा पदार्थ मुले आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा समोर आल्यावर स्वीकारतात असे सांगतात. मेथीची भाजी मी सोळा वेळा वाढल्याची नोंद आहे आणि अजून तिने ती खाल्लेली नाही. आठवड्यातून दोनदा डबा निम्मा परत येतो. सरासरी आता नाश्त्याला 24 मिनिटे, दुपारी 30 आणि रात्री 35 आहे, म्हणजे रात्रीची टिकली आम्ही पाच मिनिटे पुढे सरकवली आहे. यजमानांची दुसरी पाळी असलेल्या आठवड्यात ती रेंगाळते, हे वहीतूनच कळले. त्या आठवड्यात आता ते कामावर जेवणाच्या सुट्टीत दोन मिनिटे फोन करून तिच्याशी बोलतात, पण तिचे जेवण झाल्यावर.

फेब्रुवारीत घरात द्राक्षे येऊ लागली. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे द्राक्ष देऊ नये, ते घशात अडकू शकते, उभे कापूनच द्यावे, हे नाशिकच्या प्रत्येक घरात माहीत असायला हवे असे मला वाटते. ती आता पाच पूर्ण झाली आहे, तरी आम्ही कापूनच देतो, आणि परवा ते काम तिने मागून घेतले. लोणी लावायची बोथट सुरी, पाट, वाटी. एक द्राक्ष दोन बोटांत उभे धरायचे, सुरी मधोमध टेकवायची, जिभेचे टोक बाहेर काढून दाबायचे, दोन फोडी झाल्या की त्यांतला रस उजेडाकडे धरून पाहायचा. आई शेजारी बसून होत्या, त्यांनी एकदाही "आटप" म्हटले नाही. त्या दिवशी वहीत मी वेळ लिहिली नाही. वाटी भरल्यावर तिने दोन फोडी आजीच्या तोंडात घातल्या, एक माझ्या, आणि उरलेली वाटी घेऊन पाटावर जाऊन बसली.